मेरान प्रकारातील कोंडलेला उंट: आरोनियन विरुद्ध आनंद, विक आन झी २०१३

धागाकर्ता: चौसष्ट_घरे

१५ जानेवारी २०१३ रोजी नेदरलँड्समधील विक आन झी येथे टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेच्या चौथ्या फेरीत लेव्हॉन आरोनियन आणि विश्वनाथन आनंद यांच्यात झालेला डाव गेले काही दिवस मी पुन्हा पटावर मांडतो आहे. आनंद त्या वेळी विश्वविजेते होते आणि त्यांच्याकडे काळी मोहरी होती. आरोनियन यांनी २३व्या चालीनंतर डाव सोडला. या डावातील बलिदानांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र या डावाकडे ओपनिंगच्या, म्हणजे सुरुवातीच्या चालींच्या, बाजूने पाहायचे आहे. शेवटच्या चालीत जे घडते त्याचे बीज चौथ्या चालीत पेरलेले आहे, असे माझे मत आहे आणि ते पटावर दाखवता येते.

आधी संपूर्ण डाव देतो. घो म्हणजे घोडा, उ म्हणजे उंट, ह म्हणजे हत्ती, व म्हणजे वजीर आणि रा म्हणजे राजा. प्याद्याच्या चालीला अक्षर लावलेले नाही. डी४ हे घराचे नाव: डी ही उभी ओळ आणि ४ ही आडवी. × म्हणजे मारणे, घोबी म्हणजे बी ओळीवरचा घोडा, किल्लेकोट म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल, आणि क्रमांकापुढे तीन टिंबे असली तर ती काळ्याची चाल.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घोबी-डी७ ६. उ-डी३ डी×सी४ ७. उ×सी४ बी५ ८. उ-डी३ उ-डी६ ९. किल्लेकोट किल्लेकोट १०. व-सी२ उ-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उ-सी५ १६. उ-ई२ घोडी-ई५ १७. उ×जी४ उ×डी४ शह १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उ-ई३, पांढऱ्याने डाव सोडला.

या ओपनिंगला सेमी-स्लाव्ह म्हणतात आणि त्यातील हा मेरान प्रकार आहे. डी५च्या प्याद्याला सी६ आणि ई६ अशी दोन्ही बाजूंनी प्याद्यांची टेकण दिली की सेमी-स्लाव्ह उभा राहतो. काळ्याची मांडणी भक्कम होते, पण त्याची किंमत सी८वरचा पांढऱ्या घरांचा उंट मोजतो. नुसते सी६ खेळले असते तर त्याला एफ५ किंवा जी४वर जाण्याची वाट मोकळी राहिली असती. चौथ्या चालीला ई६ खेळले की ती वाट बंद होते, आणि दुसऱ्या बाजूने बी७वर गेला तरी समोर स्वतःचेच सी६चे प्यादे उभे असते. नवख्या खेळाडूला हा उंट दहा-दहा चाली अडगळीत पडल्यासारखा दिसतो आणि तो या ओपनिंगचा नाद सोडून देतो.

मेरान प्रकार म्हणजे या उंटाला बाहेर काढण्याची योजना. काळा आधी डी५वर तग धरतो आणि पांढऱ्याचा उंट डी३वर येईपर्यंत थांबतो. तो आला की लगेच डी×सी४ खेळतो. त्यामुळे नुकत्याच एका चालीत डी३वर बसलेल्या उंटाला दुसरी चाल खर्चून सी४चे प्यादे घ्यावे लागते आणि बी५ने हुसकावल्यावर तिसरी चाल खर्चून तो पुन्हा डी३वर येतो. वरच्या डावात आठवी चाल पाहा: पांढऱ्याचा उंट सहाव्या चालीला जिथे होता तिथेच परत आला आहे आणि तेवढ्या वेळात काळ्याने बी५ची जागा पटकावली आहे. त्यानंतर उंट बी७वर येतो आणि योग्य क्षणी सी५ खेळून सी६चे झाकण उघडायचे असते. काळ्याची पहिल्या दहा चालींतील सगळी खटपट या एका सी५साठी आहे. सी५ जमले तर हा उंट पटावरचा सर्वात जबर मोहरा ठरतो, आणि जमले नाही तर बी७वर बसून स्वतःच्याच प्याद्याची पाठ पाहत राहतो.

आता बाराव्या चालीकडे या. आरोनियन यांनी एफ३चा घोडा जी५वर आणला. सी२चा वजीर आणि डी३चा उंट एच७वर रोखलेले आहेत आणि त्यांच्या जोडीला घोडाही आला आहे. अशा वेळी हात आपोआप एच६ किंवा जी६कडे जातो. निदान माझा तरी गेला असता. आनंद यांनी एच७कडे लक्षच दिले नाही आणि सी५ खेळले. या क्षणी पट थोडा वेळ न हलवता पाहावा अशी माझी विनंती आहे. बी७पासून एच१पर्यंतच्या तिरक्या ओळीवर आधी दोन अडथळे होते. एक काळ्याचे सी६चे प्यादे आणि दुसरा पांढऱ्याचा एफ३चा घोडा. पांढऱ्याने हल्ल्यासाठी एफ३चा घोडा स्वतःच उचलला आणि पुढच्याच चालीला काळ्याने सी६ रिकामे केले. आता उंटापुढे जी२चे प्यादे तेवढे उरते, आणि त्याच्या मागे एच१चे घर.

तेरावी चाल घो×एच७. हा घोडा एफ८च्या हत्तीवरही डोळा ठेवून आहे. काळ्याने तो एफ६च्या घोड्याने परत घेतला असता तर पांढऱ्याचा उंट शह देत एच७वर आला असता आणि काळ्याचे एक प्यादे फुकट गेले असते. त्याऐवजी एफ६चा घोडा जी४वर उडी घेतो. डी६चा उंट एच२कडे पाहतो आहे, वजिराला एच४ची वाट मोकळी झाली आहे, आणि पांढरा राजा एच१च्या कोपऱ्यात ढकलला गेला की जी२चे प्यादे बी७च्या उंटापुढे खिळून जाते, म्हणजे ते हलले तर राजाच मारात येतो. आरोनियन यांनी एफ४ खेळून एच२कडची तिरकी ओळ अडवली. ते करताना जी१ ते ए७ ही दुसरी तिरकी ओळ उघडी पडली आणि पंधराव्या चालीचा उंट त्याच ओळीवर येऊन बसला.

१५...उ-सी५ ही चाल पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला ती छपाईची चूक वाटली होती. उंट सरळ डी४च्या प्याद्याच्या तोंडी दिलेला आहे. १६. डी×सी४ शक्यच नाही, पण १६. डी×सी५ अगदी शक्य आहे. मात्र तसे केल्यास डी७चा घोडा सी५वर येतो, डीची उभी ओळ काळ्या वजिरासाठी उघडते, डी३चा उंट मारात येतो आणि डी४वरचा शहही तयार असतो. आरोनियन यांनी उंट ई२वर मागे घेतला आणि त्यावर १६...घोडी-ई५ आली. दुसरा घोडाही मारात टाकला! डी४च्या प्याद्याने तो घेता येत नाही, कारण सी५च्या उंटामुळे ते राजापुढे खिळलेले आहे. एफ४च्या प्याद्याने घेतला तर वजीर डी४ घेत शह देतो, आणि राजा एच१वर पळाला तर वजीर जी१वर जाऊन पुन्हा शह देतो. वजिराला सी५च्या उंटाचा आधार असल्याने राजाला तो घेता येत नाही, हत्तीनेच घ्यावा लागतो, आणि मग जी४चा घोडा एफ२वर येऊन मात करतो. स्वतःचा हत्ती आणि स्वतःचीच प्यादी यांच्यात राजा घुसमटून जातो.

पुढचे थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या चालीनंतर पांढऱ्याकडे एक अख्खा हत्ती जास्त आहे. काळ्याने एफ८चा घोडा राजाने लगेच घेतला असता तर पांढरा वजीर एच७वर पोचला असता. त्याऐवजी एफ५ खेळून ती तिरकी वाटच बंद केली जाते, जी४च्या घोड्याला आधार मिळतो, आणि एफ८चा घोडा पळून कुठे जाणार हा प्रश्न तसाच राहतो. तो जी६वर गेला, कारण काळ्या वजिराला एच४वर येऊ द्यायचे नव्हते. दोन चालींनी तो तिथेच मारला गेला. शेवटची २३...उ-ई३ ही चाल तर पुन्हा पुन्हा पाहावी अशी आहे. पांढरा वजीर डी३वरून आडव्या ओळीने एच३चे रक्षण करतो आहे. काळा उंट मधल्या ई३वर येऊन ती ओळ तोडतो. वजिराने उंट घेतला तर घोडा वजीर घेतो. उंटाने उंट घेतला तर काळा वजीर एच३ घेत शह देतो. जी२च्या प्याद्याला तो घेता येत नाही, कारण ते खिळलेले आहे. राजा जी१वर सरकतो आणि वजीर जी२ घेऊन मात करतो. जी२वरच्या वजिराला आधार कोणाचा? बी७च्या उंटाचा. चौथ्या चालीला जो कोंडला गेला होता, तोच हा.

या ओपनिंगविषयी आणि या डावाविषयी सर्वांनी आपले अनुभव आणि मतभेद मोकळेपणाने लिहावेत.

प्रतिसाद: तिरकी_ओळ

धागा मनापासून आवडला. एक छोटी दुरुस्ती सुचवतो. पंधराव्या चालीच्या परिच्छेदात आपण "डी×सी४ शक्यच नाही" असे लिहिले आहे. तिथे सी४वर काहीच नसल्याने ते वाक्य वगळले तरी चालेल.

आता डी×सी५ विषयी. आपण तो फाटा, म्हणजे डावात न खेळलेला चालींचा पर्याय, थोडक्यात सोडला आहे, पण त्यात आपल्याच मुद्द्याला बळ देणारी गोष्ट दडलेली आहे. १६. डी×सी५ घो×सी५ १७. उ-ई२ असे धरू. काळा वजीर डी४वर शह देतो आणि पांढरा राजा एच१वर जातो. आता जी४चा घोडा एफ२वर शह देतो. राजा जी१वर परतला तर घोडा एच३वर जाऊन दुहेरी शह देतो, राजाला पुन्हा एच१वर जावे लागते, मग वजीर जी१वर, हत्तीने तो घेणे भाग, आणि घोडा एफ२वर मात. म्हणून पांढऱ्याला एफ२चा घोडा हत्तीनेच घ्यावा लागतो आणि काळा वजीर तो हत्ती घेतो. आता जी२वर मात बसते आहे. पांढऱ्याने उंट एफ३वर आडवा घातला तर दुसरी ओळ उघडी पडून सी२चा वजीर जातो. इथेही शेवटचा घाव घालणारा तोच बी७चा उंट आहे. मी हा फाटा संगणक न लावता पटावर मांडून पाहिला. पाऊण तास गेला, पण प्रत्येक वेळी जी२पाशीच येऊन थांबलो.

प्रतिसाद: प्रश्नचिन्ह

मी गेली दोन वर्षेच गांभीर्याने खेळतो आहे, त्यामुळे प्रश्न साधा वाटल्यास समजून घ्यावे. आनंद यांनी स्वतःच नंतर सांगितले होते की यातील मूळ कल्पना २०१२च्या गेलफंड यांच्याविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यासाठी केलेल्या तयारीत होती. म्हणजे उ-सी५ आणि घो-ई५ या चाली आधीच ठाऊक होत्या. मग या डावाचे कौतुक नेमके कशाचे करायचे? पटावर बसून सुचलेल्या बलिदानाची आणि घरी शोधून ठेवलेल्या बलिदानाची किंमत सारखी कशी? मला या डावात आनंद यांच्यापेक्षा त्यांच्या तयारीचाच विजय दिसतो आणि ही गोष्ट मला थोडी खटकते.

प्रतिसाद: चौसष्ट_घरे

तिरकी_ओळ, दुरुस्ती मान्य आहे आणि फाट्यासाठी आभार. तो मूळ लेखात असायला हवा होता.

प्रश्नचिन्ह, आपला प्रश्न अजिबात साधा नाही. तयारी होती हे खरेच आहे. पण तयारी कशी साचत जाते ते पाहा. २००८ साली बॉन येथे क्रॅमनिक यांच्याविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यात आनंद यांनी तिसऱ्या आणि पाचव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी हाच मेरान प्रकार खेळला आणि दोन्ही डाव जिंकले. तिथे आठव्या चालीला उ-डी६ नव्हते, ए६ होते. ९. ई४ सी५ १०. ई५ सी×डी४ ११. घो×बी५ ए×बी५ १२. ई×एफ६ जी×एफ६ या मार्गाने डाव गेला, म्हणजे तो याहून कितीतरी अधिक फाटलेला आणि धोक्याचा होता. त्या स्थितीत चौदाव्या चालीला बहुतेक खेळाडू उंट ए६वर नेऊन बी५चे प्यादे सांभाळत. आनंद यांनी तो बी७वर ठेवला आणि बी५चे प्यादे पांढऱ्याला घेऊ दिले. जीची उभी ओळ उघडी होती, हत्ती जी८वर येणार होता आणि बी७चा उंट जी२कडे रोखलेला होता. चार वर्षांनंतर विक आन झीला जे झाले त्याची जात हीच आहे.

ज्याला या उंटाचे मोल इतके आतून ठाऊक आहे, त्यालाच घरी बसून उ-सी५ शोधावेसे वाटते. संगणक चाल दाखवतो, पण या ओपनिंगमध्ये कुठे खणायचे ते खेळाडूच ठरवतो. शिवाय गेलफंड यांच्याशी सामना २०१२च्या मे महिन्यात झाला आणि हा डाव त्यानंतर सात-आठ महिन्यांनी. सामन्यासाठी केलेल्या तयारीचे असे किती फाटे डोक्यात असतील! त्यातून नेमका हा आठवणे, चालींचा क्रम न चुकवणे, आणि समोर २८०० रेटिंगचा प्रतिस्पर्धी असताना एच७ उघडे सोडण्याचे धाडस करणे, हे सर्व त्या दिवशी पटावरच करावे लागले.

प्रतिसाद: जुना_पट

तयारीच्या मुद्द्यावर मी वेगळ्या बाजूने लिहितो. हा डाव पाहताना मला सतत १९०७ साली लॉड्झ येथे झालेला रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन हा डाव आठवतो. अकिबा रुबिनस्टाइन यांच्याकडे काळी मोहरी होती आणि डाव २५ चालींत संपला. बुद्धिबळाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर डावांमध्ये त्याची गणना होते. तिथेही काळ्याचा एक उंट बी७वर आणि दुसरा जी१कडे रोखलेला बी६वर, तिथेही घोडा जी४वर, तिथेही पांढऱ्याने एफ४ खेळलेले आणि राजा एच१च्या कोपऱ्यात गेलेला. रुबिनस्टाइन यांनी वजीर एच४वर मारात ठेवला, २२...ह×सी३ आणि २३...ह-डी२ अशा लागोपाठ चालींनी पांढऱ्याची बचावाची साखळी तोडली आणि २५...ह-एच३ने शेवट केला.

आता आपल्या विषयाशी जोडणारी खरी गोष्ट सांगतो. त्या डावाची सुरुवात सेमी-स्लाव्ह नव्हती, तिथे काळ्याने सी५ अगदी तिसऱ्या चालीलाच खेळले होते. पण ११. उ-डी३ डी×सी४ १२. उ×सी४ बी५ १३. उ-डी३ या चाली पाहा आणि त्या आनंद यांच्या डावातील सहाव्या ते आठव्या चालींशेजारी ठेवा. पांढऱ्याचा उंट डी३वर येईपर्यंत थांबायचे, मग सी४ घ्यायचे, बी५ने त्याला हुसकावायचे आणि मिळालेल्या चालीत आपला उंट बी७वर आणायचा. तीच युक्ती, तेच घर. मेरान या प्रकाराला नाव मिळाले ते १९२४ साली इटलीतील मेरानो येथील स्पर्धेमुळे, आणि तिथे तो ग्रुनफेल्ड यांच्याविरुद्ध यशस्वीपणे खेळणारेही रुबिनस्टाइनच होते. म्हणजे १९०७ साली ज्यांनी बी७च्या उंटाची ताकद जगाला दाखवली, त्यांनीच १७ वर्षांनी सी६ आणि ई६च्या मागे अडकलेल्या उंटालाही त्याच घरी नेण्याची वाट रुळवली.

मला यात तयारी आणि स्फूर्ती असा भेद करावासा वाटत नाही. आनंद यांची तयारी २०१२ सालची होती असे म्हणता येईल, पण तिची मुळे शंभर वर्षांहून जुनी आहेत.

प्रतिसाद: प्रश्नचिन्ह

जुना_पट, दोन्ही डाव शेजारी मांडून पाहिले. १९०७च्या डावात विसाव्या चालीला घोडा जी४वर येतो आणि २०१३च्या डावात तेराव्या. दोन्ही ठिकाणी तो आल्यानंतर पांढऱ्याचा राजा कोपऱ्यातून बाहेर पडूच शकत नाही. माझे मत थोडे बदलले आहे. तरीही पटावर सुचलेल्या चालीला मी मनातल्या मनात एक गुण जास्तच देईन.

प्रतिसाद: सी५_उशिरा

माझे सदस्यनामच माझ्या अनुभवावरून घेतलेले आहे, म्हणून लिहितो. एका खुल्या स्पर्धेत मी काळ्या मोहऱ्यांनी मेरान खेळलो. पहिल्या दहा चाली पाठ होत्या, आणि बी७वर उंट ठेवेपर्यंत मी घड्याळात प्रतिस्पर्ध्याच्या वीस मिनिटे पुढे होतो. त्यानंतर मला वाटले की सी५ कधीही खेळता येईल, आधी हत्ती आणि वजीर नीट लावून घेऊ. मी वजीर ई७वर नेला, एक हत्ती डी८वर आणला आणि ए६ खेळून बी५ला टेकण दिली. तेवढ्यात पांढऱ्याने बी४ खेळले, एक घोडा ई४वर आणला आणि दुसरा डी२वरून बी३कडे वळवला. आता सी५चे घर त्याच्या प्याद्यांच्या आणि घोड्यांच्या पहाऱ्यात गेले. पुढच्या तीस चालींत मी एकदाही सी५ खेळू शकलो नाही. सीच्या उभ्या ओळीवर सी६चे प्यादे मागे राहिले, दोन हत्ती त्याच्यावर येऊन बसले आणि माझा बी७चा उंट त्या प्याद्याचा रखवालदार झाला. शेवटी प्यादेही गेले आणि डावही.

डाव संपल्यावर प्रतिस्पर्ध्याने पट पुन्हा अकराव्या चालीपाशी मांडला, माझ्या सी६च्या प्याद्यावर बोट ठेवले आणि फक्त एवढेच विचारले, "हे इथे अजून काय करत होते?" तो प्रश्न मी आजही विसरलेलो नाही. मी चाली पाठ केल्या होत्या, पण त्या कशासाठी आहेत हे मला कळले नव्हते. म्हणून धागाकर्त्यांनी या सगळ्या खटपटीचा हेतू सी५ आहे असे जे लिहिले आहे, ते मेरान शिकणाऱ्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.

प्रतिसाद: तिरकी_ओळ

सी५_उशिरा, आपला अनुभव अगदी नेमका आहे. पांढऱ्याच्या बाजूनेही थोडे बोलायला हवे, नाहीतर मेरानमध्ये काळ्याचेच सगळे चांगले चालते असा समज होईल. डी३च्या उंटावर चाल वाया जाते हे पांढऱ्यालाही ठाऊक आहे. म्हणूनच पुष्कळ खेळाडू सहाव्या चालीला उ-डी३ टाळतात आणि व-सी२ खेळून थांबतात. काळ्याने सी४ घेण्याची वाट पाहायची आणि मग उंट एकाच चालीत सी४वर आणायचा, असा तो डाव आहे. कोण आधी हलतो याची ही चढाओढ असते. त्याच व-सी२नंतर काळ्याने उ-डी६ खेळल्यास ७. जी४ असे प्यादे फेकण्याचा आक्रमक मार्गही आहे, त्याला शाबालोव्ह आणि शिरोव्ह यांचे नाव आहे. पाचव्या चालीला ई३ऐवजी उंट जी५वर काढला तर डाव बॉटविनिक प्रकाराच्या घनघोर रानात शिरू शकतो. पांढऱ्याचा काळ्या घरांचा उंट ई३मुळे सी१वर कोंडला जातो हे आपण विसरतो. आरोनियन यांच्या डावात तो उंट शेवटपर्यंत सी१वरून हललाच नाही!

प्रतिसाद: चौसष्ट_घरे

तिरकी_ओळ, हे माझ्या नजरेतून पूर्ण निसटले होते. खरोखरच पांढऱ्याचा सी१चा उंट आणि ए१चा हत्ती दोघेही डाव संपेपर्यंत आपापल्या मूळ घरी आहेत. दोघांनाही एकही चाल मिळाली नाही. पांढऱ्याकडे शरणागतीच्या क्षणीसुद्धा उंटाच्या बदल्यात हत्ती असे जास्तीचे बळ होते, पण ते बळ पटाच्या डाव्या कोपऱ्यात होते आणि लढाई उजव्या कोपऱ्यात चालली होती. पाचव्या चालीच्या ई३मुळे एका बाजूचा उंट कोंडला, चौथ्या चालीच्या ई६मुळे दुसऱ्या बाजूचा. फरक एवढाच की काळ्याने आपल्या उंटाला बाहेर काढण्याची योजना पहिल्या दिवसापासून हातात धरली होती. पांढऱ्यालाही ई४ खेळून तशी संधी होती, पण दहाव्या आणि अकराव्या चालीला त्यांनी व-सी२ आणि ए३ या चाली पसंत केल्या, आणि मग घो-जी५ने थेट हल्ला केला.

त्या स्पर्धेचा निकालही इथे नोंदवतो, कारण एकाने व्यक्तिगत निरोपात विचारले आहे. स्पर्धा मॅग्नस कार्लसन यांनी १३ फेऱ्यांत १० गुण मिळवून जिंकली. आरोनियन साडेआठ गुणांसह दुसरे आले, आणि आनंद यांना कार्याकिन यांच्याबरोबर ८ गुण मिळाले. या पराभवानंतरही आरोनियन यांनी उरलेली स्पर्धा किती जिद्दीने खेळली हे त्यावरून दिसते.

प्रतिसाद: सी५_उशिरा

आज संध्याकाळी घरी मुलीबरोबर हा डाव मांडला. ती दहा वर्षांची आहे. शेवटच्या चालीला मी पट तसाच ठेवला आणि तिला विचारले की काळ्याचा कोणता मोहरा सर्वात जास्त काम करतो आहे. तिने आधी वजीर म्हटले, मग घोडा. मग ती पटाच्या बाजूला वाकली, डोळा पटाच्या पातळीवर आणला आणि बी७वरून जी२पर्यंत बोट फिरवत नेले. मधली चारही घरे रिकामी होती. "हा तर कधीचा इथेच बसलाय," ती म्हणाली. दहाव्या चालीला बी७वर आल्यापासून त्याने पुन्हा एकही चाल केली नव्हती, हे मी त्यानंतर मोजून पाहिले.